युद्धबंदी, शस्त्रसंधी आणि तह : वडगावपासून युक्रेनपर्यंत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांस पुढील गोष्टी करता याव्यात, अशी अपेक्षा आहे :

१. युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम, करार आणि तह या शब्दांतील अर्थभेद सांगणे.
२. १७७९ च्या वडगाव कराराच्या आधारे, लढाई थांबविणारा कागद का टिकतो किंवा का मोडतो, हे स्पष्ट करणे.
३. रशिया-युक्रेन युद्धाच्या मराठी बातमीतील विधान, दावा आणि घोषणा वेगळ्या काढून वाचणे.

प्रास्ताविक

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले. त्या दिवसापासून 'आघाडी', 'ताबा', 'मुसंडी', 'शस्त्रसंधी', 'उल्लंघन' हे शब्द आपल्या वृत्तपत्रांत जवळजवळ रोज येत आहेत. हे युद्ध आपल्यापासून दूर असले तरी परके नाही. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेद्वारे परत आणावे लागले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती. युद्धापूर्वी भारतात येणारे सूर्यफूल तेल बहुतांशी युक्रेनमधूनच येत असे. त्यामुळे २०२२ मध्ये तेलाच्या पिशवीची किंमत देताना आपणही या युद्धाचा थोडा भार उचलला.

तथापि या घटकात आपण युद्धाचा केवळ वृत्तान्त पाहणार नाही. बातमीत 'शस्त्रसंधी झाली' असे वाचल्यावर नेमके काय झाले, असे समजावे, हा आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे, माण या गावांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास शेजारच्या मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण, म्हणजे वडगाव, परिचित असेलच. त्या वडगावात १७७९ च्या जानेवारीत एक करार झाला आणि काही दिवसांतच तो मोडला. तो का मोडला, हे समजले की आजची बातमी वाचण्याची रीतही समजते.

विषय-विवेचन

(अ) समानार्थी भासणारे शब्द

प्रथम शब्द पाहू. 'युद्धबंदी' हा शब्द दारूबंदी, नसबंदी या शब्दांच्या वळणाचा असून तो स्त्रीलिंगी आहे. त्याचा अर्थ युद्ध बंद करणे. पण 'बंदी' म्हणजे कैदी, या अर्थाने हाच शब्द पुल्लिंगीही होतो आणि त्याचा अर्थ युद्धकैदी असा होतो. 'युद्धबंदीचा प्रश्न' असे शीर्षक असेल, तर प्रश्न लढाई थांबविण्याचा की पकडलेल्या सैनिकाचा, हे केवळ शीर्षकावरून कळत नाही. मे २०२५ मध्ये इस्तंबूल येथे दोन्ही देशांचे प्रतिनिधी भेटले. लढाई थांबविण्यावर त्यांचे एकमत झाले नाही, मात्र प्रत्येकी एक हजार कैद्यांच्या अदलाबदलीवर झाले आणि ती पारही पडली. म्हणजे युद्धबंदी झाली नाही, पण युद्धबंद्यांची सुटका झाली. येथे लिंग आणि सामान्यरूप हेच अर्थाचे रक्षक ठरतात.

'शस्त्रसंधी' या समासातील 'संधी' म्हणजे जोड, मेळ. व्याकरणातील स्वरसंधी-व्यंजनसंधीतील हाच शब्द होय. भारत-पाकिस्तान यांच्यातील नियंत्रण रेषेवरील 'शस्त्रसंधीचे उल्लंघन' या शब्दप्रयोगामुळे तो आपल्या कानांस सरावाचा झाला आहे. 'युद्धविराम' यातील 'विराम' विरामचिन्हांतून तुम्ही ओळखता. स्वल्पविराम आणि पूर्णविराम हे दोन्ही विरामच असतात, पण त्यांचे काम एक नसते.

या तिन्ही शब्दांत लढाई थांबण्याचा अर्थ आहे, भांडणाचा निकाल लागल्याचा नाही. निकालाचा शब्द 'तह'. तहात प्रदेश कोणाचा, खंडणी किती, हद्द कोठे, कैदी कधी सोडावयाचे, हे ठरते. 'लढाईत कमावले ते तहात गमावले' असे आपण म्हणतो, त्यातही लढाई आणि तह या दोन निराळ्या पायऱ्या मानलेल्या आहेत.

ज्या गावांत जमिनीचे व्यवहार झाले आहेत, तेथील विद्यार्थ्यास हा भेद सहज पटेल. न्यायालयाने 'जैसे थे' आदेश दिला म्हणून दावा निकाली निघत नाही; बांध कोणी हलवू नये, एवढेच ठरते. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. आणि कुलमुखत्यारपत्र नसताना भावाच्या वतीने कोणी सही केली, तर ती भावावर बंधनकारक ठरत नाही. युद्धबंदी ही 'जैसे थे' आदेशासारखी असते, तर तह हा खरेदीखतासारखा. वडगाव येथे जे झाले, त्यात सहीच्या अधिकाराचा प्रश्नच मुख्य होता.

(आ) वडगाव, जानेवारी १७७९

नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला. त्यानंतर पेशवेपदावर हक्क सांगणारे रघुनाथराव आणि बारभाईंचे कारभारी मंडळ यांच्यात संघर्ष उभा राहिला. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांचा आश्रय घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. मुंबईकरांच्या वर असलेल्या कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अमान्य केला आणि कर्नल अप्टन यास पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. पुढे मुंबईकरांनी तोही बाजूस सारला. एकाच कंपनीची दोन कार्यालये दोन वेगळे कागद करीत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची इंग्रज फौज रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून आली. तिच्यासोबत हजारो बैलांचे सामान होते आणि तिची गती अत्यंत मंद होती. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या मराठी फौजांनी समोरासमोरची मोठी लढाई न देता तिला चहूबाजूंनी सतावले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्ट्यूअर्ट ठार झाला. मराठी मुलखात त्यास 'इष्टुर फाकडा' या नावाने ओळखतात. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली, तेव्हा गाव रिकामे करून जाळलेले होते. दाणागोटा मिळण्याची आशा नव्हती. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली आणि दुसऱ्या दिवशी वडगाव येथे कोंडली गेली.

या कथेत 'आघाडी' कोठे होती, याचा विचार करा. इंग्रजांची आघाडी पुण्यापासून एका दिवसाच्या मजलेवर आली होती, म्हणून नकाशावर ती पुढे सरकलेली दिसली असती. प्रत्यक्षात तिच्यामागचा रस्ता तिच्या हाती उरला नव्हता. आघाडी किती कोस पुढे गेली, यापेक्षा तिला अन्न, दारूगोळा आणि परतीची वाट आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. युक्रेनमध्ये आज सुमारे एक हजार किलोमीटरहून लांब आघाडी आहे. तेथे एखाद्या शहराकडे जाणारा रस्ता शत्रूच्या माऱ्याखाली आला की शहर पडण्यापूर्वीच बातमीचा सूर का पालटतो, हे वडगावच्या उदाहरणावरून समजते.

कोंडलेल्या फौजेने बोलणी सुरू केली. महिन्याच्या मध्यावर करार झाला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करावा, बंगालहून कर्नल गॉडर्डच्या हाताखाली येत असलेली फौज परत फिरवावी, भडोचच्या उत्पन्नातील वाटा शिंद्यांस द्यावा, अशा त्यातील प्रमुख अटी होत्या. रघुनाथराव शिंद्यांच्या स्वाधीन झाले. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले आणि उरलेली फौज मुंबईस जाऊ दिली गेली.

(इ) करार का मोडला?

बोलणी चालू असतानाच इंग्रजांच्या बाजूने सांगण्यात आले होते की, कलकत्त्याच्या संमतीविना तह करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ग्रँट डफच्या इतिहासात नमूद आहे की, त्यावर मराठी पक्षाने उलट विचारले : मग अप्टनचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला होता? प्रश्न अगदी रास्त होता. तरीही सही झाली आणि फौज घाट उतरून सुरक्षित होताच गॉडर्डला परत फिरण्याचा दिलेला आदेश रद्द करण्यात आला. मुंबई आणि कलकत्ता, दोघांनीही करार नाकारला. गॉडर्ड सुरतेस पोहोचला. पुढे रघुनाथरावही निसटून त्याच्याकडे गेले आणि युद्ध आणखी तीन वर्षे चालले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे, अशी एक गोष्ट आहे. मराठीत आपण सर्रास 'वडगावचा तह' म्हणतो. इंग्रजी कागदपत्रांत मात्र पुरंदर आणि सालबाई यांस 'ट्रीटी' म्हटले आहे व वडगावास बहुधा 'कन्व्हेन्शन'. 'ट्रीटी' हा सत्तांमधील तह. 'कन्व्हेन्शन' या शब्दाचा त्या काळच्या लष्करी व्यवहारातील अर्थ, रणांगणावरील सेनानींनी तेथल्या तेथे केलेला करार. नावातच पळवाट होती. आपण दोहोंस एकच शब्द वापरतो, त्यामुळे इंग्रजांनी 'तह मोडला' एवढेच आपणांस दिसते. आपल्यावर बंधनकारक नाही, असे म्हणण्याची सोय त्यांनी कोठे ठेवली होती, ते दिसत नाही. याने त्यांचे वर्तन न्याय्य ठरत नाही. फक्त ते कसे घडू शकले, हे कळते.

तीन कारणे येथे मांडता येतील. पहिले, सही करणाऱ्याचा अधिकार संशयास्पद होता. दुसरे, एक फौज हरली होती, पण गॉडर्डची दुसरी फौज अबाधित आणि वाटेवर होती. म्हणजे कागदावरील स्थिती आणि मैदानावरील स्थिती यांत मेळ नव्हता. तिसरे, करार पाळला जाईल यासाठी दोन ओलिसांखेरीज कोणी जामीन नव्हता.

याउलट १७ मे १७८२ चा सालबाईचा तह पाहा. दोन्ही बाजू थकल्या होत्या. महादजी शिंदे हे दोन्ही पक्षांचे जामीनदार झाले. पुण्याकडून मान्यता मिळून कागदांची देवघेव पूर्ण होण्यास फेब्रुवारी १७८३ उजाडले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई परत मिळाली, रघुनाथरावांस नेमणूक ठरली. हा तह कोणासही सर्वस्वी समाधान देणारा नव्हता, तरी त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही.

(ई) मिन्स्क : त्याच तीन प्रश्नांची परीक्षा

आता युक्रेनकडे वळू. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्यात सामील केला आणि पूर्वेकडील डोनबास भागात रशियाच्या पाठिंब्यावरील फुटीर गटांशी युक्रेनची लढाई सुरू झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये बेलारूसच्या मिन्स्क शहरात पहिला करार झाला. तो टिकला नाही. १२ फेब्रुवारी २०१५ रोजी तेथेच दुसरा, तेरा कलमांचा करार झाला.

सहीचा प्रश्न येथेही होता. रशियाच्या राजदूताने सही केली, पण आपण या भांडणातील पक्ष नसून मध्यस्थ आहोत, अशी रशियाची भूमिका राहिली. फुटीर गटांच्या दोन नेत्यांनी सह्या केल्या, पण त्यांच्या नावापुढे कोणतेही पद लिहिलेले नव्हते. कारण पद लिहिले असते तर युक्रेनने त्यांची सत्ता मान्य केल्यासारखे झाले असते. युक्रेनतर्फे सही केली ती माजी अध्यक्षांनी.

आघाडीचा प्रश्न त्याहून बिकट होता. जड तोफा मागे घेण्यासाठी युक्रेनच्या सैन्याने प्रत्यक्ष आघाडीपासून अंतर मोजावे आणि फुटीर गटांनी १९ सप्टेंबर २०१४ च्या रेषेपासून, असे कलम होते. एका कागदात दोन रेषा होत्या, कारण मधल्या काळात आघाडी सरकली होती. देबाल्त्सेवे हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन त्या वेळी जवळजवळ वेढले गेले होते. १५ फेब्रुवारीस युद्धबंदी लागू झाली, तरी तेथील लढाई थांबली नाही आणि १८ फेब्रुवारीस युक्रेनच्या सैन्याने शहर सोडले.

जामीनाचा प्रश्न तिसरा. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे निरीक्षक नेमलेले होते. ते निःशस्त्र होते. उल्लंघनाची नोंद त्यांना करता येई, उल्लंघन थांबविता येत नसे. शिवाय आधी निवडणुका की आधी सीमेचा ताबा, या क्रमावरून दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे वाद घालीत राहिले. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने फुटीर प्रदेशांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली आणि तीन दिवसांनी आक्रमण केले.

(उ) २०२५ : एका उभयान्वयी अव्ययाचा फरक

ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या काही घडामोडी आता पाहू. मार्चमध्ये अमेरिकेने सुचविलेली तीस दिवसांची सर्वंकष युद्धबंदी युक्रेनने मान्य केली. रशियाने अटी घातल्या. त्यानंतर १८ मार्च रोजी अमेरिका आणि रशिया यांच्या अध्यक्षांचे दूरध्वनीवर बोलणे झाले. अमेरिकेच्या निवेदनाप्रमाणे हल्ले थांबणार होते ते 'ऊर्जा आणि पायाभूत सुविधा' यांवरील. रशियाच्या निवेदनाप्रमाणे 'ऊर्जेच्या पायाभूत सुविधा' यांवरील. पहिल्या वाचनाप्रमाणे रेल्वे, पूल, बंदरे यांनाही संरक्षण मिळते. दुसऱ्याप्रमाणे केवळ वीज आणि इंधन यांच्या यंत्रणेस. 'आणि' हे अव्यय आहे की षष्ठीचा प्रत्यय आहे, एवढाच भाषिक भेद. पण पुलाजवळ राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो रात्री घरात झोपावे की तळघरात, एवढा मोठा आहे.

एप्रिलमध्ये रशियाने ईस्टरनिमित्त तीस तासांची युद्धबंदी जाहीर केली. दोन्ही बाजूंनी परस्परांवर उल्लंघनाचे आरोप केले. १५ ऑगस्टला अलास्का येथे दोन्ही अध्यक्ष प्रत्यक्ष भेटले. भेटीनंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी, आधी युद्धबंदी करण्यापेक्षा थेट शांतता करार करणे बरे, अशी भूमिका घेतली. युक्रेनचा आग्रह होता की आधी तोफा थांबाव्यात, मग बोलणी व्हावीत. रशियाचे म्हणणे होते की युद्धाची मूळ कारणे आधी दूर व्हावीत. आपण आरंभी पाहिलेला युद्धबंदी आणि तह यांतील भेद येथे सर्वांत निर्णायक ठरतो. बोलणी लांबली आणि दरम्यान लढाई चालू राहिली, तर जो पुढे सरकत आहे त्यास घाई नसते. उलट लढाई आहे त्या रेषेवर थांबली आणि तह कधी झालाच नाही, तर तीच तात्पुरती रेषा हद्द होऊन बसण्याची भीती ज्याचा मुलूख गेला आहे त्यास वाटते.

(ऊ) बातमीचे क्रियापद

शेवटी वाचनाची एक सोपी रीत सांगतो. युद्धाची बातमी वाचताना नामापेक्षा क्रियापदाकडे लक्ष द्यावे. पुढील वाक्ये तुलनेसाठी रचली आहेत :

'रशियाने गाव घेतले.' हे विधान आहे. वृत्तपत्राने त्याची जबाबदारी घेतली आहे.
'गाव घेतल्याचा रशियाचा दावा.' येथे '-ल्याचा' या रूपामुळे घटना दुसऱ्याच्या तोंडी गेली आहे.
'गाव पडले.' येथे व्याकरणातील कर्ता 'गाव' हाच आहे, प्रत्यक्ष कृती करणारा वाक्यात नाही. कोणी पाडले, तेथे कोण राहत होते, हे वाक्य सांगत नाही.
'गाव मुक्त झाले.' येथे बातमीदाराने नकळत एका पक्षाची भाषा उचलली आहे.

युद्धबंदीसंबंधीची क्रियापदेही अशीच पायरीपायरीने वाचावीत. 'जाहीर केली' म्हणजे एकाने बोलून दाखविले. 'मान्य केली' म्हणजे दुसऱ्याने होकार दिला. 'लागू झाली' म्हणजे ठरलेली घटिका आली. 'पाळली गेली' हे त्यानंतर काही दिवसांनीच म्हणता येते. पहिल्या क्रियापदावरून चौथ्याचा निष्कर्ष काढू नये. जानेवारी १७७९ च्या मध्यावर वडगाव येथे सही झाली, तेव्हा पुण्यात आनंद होणे स्वाभाविक होते. पण गॉडर्डची फौज त्या दिवशीही चालतच होती.

सारांश

युद्धबंदी, शस्त्रसंधी आणि युद्धविराम हे शब्द लढाई थांबण्याचे आहेत, तर तह हा भांडण मिटण्याचा. लढाई थांबविणारा कागद टिकेल की नाही, हे पाहण्यासाठी चार प्रश्न विचारावेत : सही कोणी आणि कोणत्या अधिकाराने केली? कागदावरील रेषा आणि मैदानावरील आघाडी जुळतात का? वापरलेल्या शब्दांत काय येते आणि काय वगळले जाते? करार मोडल्यास जाब विचारणारा जामीनदार कोण? वडगावचा करार यांतील बहुतेक प्रश्नांवर अपुरा ठरला, सालबाईचा पुष्कळ अंशी उतरला. मिन्स्कचे दोन्ही करार टिकले नाहीत, त्याची कारणेही याच प्रश्नांत सापडतात.

स्वाध्याय

१. 'युद्धबंदी' या शब्दाचे दोन अर्थ, लिंग आणि सामान्यरूप यांच्या आधारे सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'वडगावचा तह' ही संज्ञा कितपत अचूक आहे? आपले मत कारणांसह मांडा.
३. सालबाईच्या तहातील जामीनदाराची भूमिका आणि मिन्स्क करारातील निरीक्षकांची भूमिका यांची तुलना करा.

उपक्रम

एका आठवड्यातील मराठी वृत्तपत्रांतून रशिया-युक्रेन युद्धाच्या पाच बातम्या कापून वहीत चिकटवा. प्रत्येक बातमीतील मुख्य क्रियापद अधोरेखित करून, ते विधान आहे, दावा आहे की घोषणा आहे, हे समासात लिहा. त्यानंतर महिन्याभराने त्याच पाच बातम्यांपुढे, प्रत्यक्षात पुढे काय झाले, याची एका ओळीत नोंद करा.